अधिक श्रावणातले भजे

भोपाळला श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. मुलाच्या नोकरीमुळं इथं आले त्या पहिल्याच वर्षी हे मला कळलं, आणि माझी अशी धांदल उडाली की विचारू नका. शेजारच्या बाई सकाळी सकाळी दारात आल्या, हातात बेलाची पानं. म्हणाल्या, "आंटीजी, सावन लग गया." मी आत पळाले, भिंतीवरचं मराठी कॅलेंडर बघितलं. त्यावर आषाढच चालू होता, पौर्णिमा कालच झालेली. मग त्यांनीच मला समजावून सांगितलं की त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो. आपला अमावास्येला. म्हणून त्यांचा श्रावण आधी लागतो नि आधी सुटतो.

आता कोणता खरा धरायचा? मी मुळात भित्री बाई. मुलगा कामावरून दहा मिनिटं उशिरा आला तरी गॅलरीत चार खेपा घालणारी. एक धरला नि दुसऱ्यातला देव रागावला तर, म्हणून मी दोन्ही धरले. तेव्हापासून माझा श्रावण दीड महिन्याचा असतो, आणि तो दीड महिना मी भज्यांना शिवत नाही.

इथं पाऊसही असा की या महिन्यात थांबतच नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर. खालच्या तिन्ही मजल्यांवरून पकोड्यांचा वास जिन्यानं वर येतो, दाराच्या फटीतून आत शिरतो आणि माझ्यासमोर येऊन बसतो. सून म्हणते, "आई, दोन खाल्ले तर काय होतंय? मी कुणाला सांगणार नाही." मी म्हणते, "दीड महिन्याचं काय घेऊन बसलीस? मी एका साली सलग दोन महिने सोडले होते, तेही माझ्या सासऱ्याशी भांडून."

सासऱ्याशी भांडून म्हटलं की ती हातातलं काम ठेवते.

*

माझं माहेर कंधार तालुक्यातल्या एका खेड्यात. गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढची कंधारला, रोज एसटीनं जावं लागायचं. त्या साली आमची विहीर आटली, आणि सकाळची एसटीची वेळ तीच पाण्याची वेळ झाली. दोन्ही जमणार कसं? मी घागर धरली, शाळा सुटली. त्याचं मोठं दुःख केलं असंही नाही. फक्त पुढं कधी छापलेला कागद दिसला की हात आपोआप तिकडं जायचा, मग ती औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी का असेना.

लग्न होऊन लातूरला आले तेव्हा लातूर नुकतं जिल्हा झालेलं. गावाला लग्नघराची कळा होती. रंगारी शिड्या लावून पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' लिहीत होते. नव्या कचेऱ्या, नव्या जीपा, भाड्याच्या खोल्या शोधत फिरणारे साहेब. माझे यजमान नव्या कलेक्टर कचेरीत रोजंदारीवर लागले होते. माहेरची पत्रं मात्र कितीतरी दिवस जुन्याच जिल्ह्याच्या नावानं यायची. माझा भाऊ म्हणायचा, "जिल्हा बदलला म्हणून तू दुसरीकडं गेलीस का?"

सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणत आणि सासूबाईंना अव्वा. घर शिवभक्तांचं. सकाळी अंघोळ झाली की कपाळाला भस्म लावून अप्पा इष्टलिंगाची पूजा करत, आणि तेवढा वेळ घरात भांड्याचाही आवाज चालत नसे. पूजा आटोपली की गंजगोलाईतल्या, म्हणजे गावच्या गोल बाजारपेठेतल्या, दुकानात. दुकान भांड्यांचं. दुष्काळात लोकांच्या घरात पाणी नसतं, पण हंडे, घागरी, पिंप मात्र लागतात, कारण टँकर आला की भरून ठेवायला जागा पाहिजे. अप्पांना याची लाज वाटायची. म्हणायचे, "पाऊस न्हाई म्हणून माझं दुकान चाललंय. देवानं हे कुठलं पुण्य दिलं म्हणावं."

आणि अप्पांचा एकच शौक, भजे. मिरचीचे, कांद्याचे, नुसत्या पिठाचे, कसलेही. गोलाईच्या तोंडाशी बाबूचं हाटेल होतं. दुकान बंद केलं की अप्पा आधी तिथं उभे राहून एक प्लेट खायचे, मग घरच्यांसाठी म्हणून पुडका बांधून घ्यायचे, आणि घरी आल्यावर घरच्यांच्या पुडक्यातले अर्धे पुन्हा खायचे.

अव्वा म्हणायच्या, "आमच्यासाठी आणले होते ना?"

"तुमच्यासाठीच की. तुम्ही खायलाव का न्हाई ते बघायला बसलोय."

भजे खाऊन झाले की तो तेलकट कागद मी चुलीपाशी घेऊन जायची. जाळायच्या आधी वाचायची. एकदा पाठीमागून अप्पांचा आवाज आला, "काय वाचायलीस?"

माझ्या हातातून कागद गळाला. सासऱ्यासमोर मान वर करून उभं राहायची सवय नव्हती, बोलणं तर लांब. "काई न्हाई, अप्पा."

"काई न्हाई कसं? ओठ हलायलेत तुझे. मोठ्यानं वाच."

मी पदर सावरला नि वाचलं. लातूरच्या कुठल्याशा नव्या इमारतीसाठी जागा बघायला साहेब आले होते, ती बातमी. "जागेची पाहणी करून साहेबांनी असे सांगितले की..."

"की काय?"

"पुढं फाटलंय, अप्पा."

अप्पा खूप हसले. मला वाटलं आता रागावणार, पण दुसऱ्या दिवसापासून पुडक्याचा कागद दुप्पट मोठा यायला लागला. बाबू म्हणे कुरकुरला, "अप्पा, चार भज्याला एवढा कागद व्हय?" अप्पा त्याला म्हणाले, "बांध गपगुमान. माझी सून वाचती."

दूरच्या गावात, जिथं माझं असं कुणी नव्हतं, तिथं मला कुणीतरी 'वाचती' म्हटलं होतं. त्या शब्दावर मी कितीतरी दिवस काढलेत.

*

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात अप्पांच्या छातीत कळ आली. दुकानात पितळी हंड्यांची उतरंड लावताना खाली बसले ते उठेनात. दवाखान्यात चार दिवस होते. सोडताना डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं, "तळलेलं आणि खारट दोन महिने पूर्ण बंद. मग परत दाखवायला आणा. ऐकलं नाहीत तर पुढच्या वेळी माझ्या हातात काही राहणार नाही."

अप्पांनी आठ दिवस ऐकलं. नवव्या दिवशी पुडका आला.

मी त्या रात्री जेवले नाही. भजे समोर होते, मला ते विषासारखे दिसत होते. अव्वा माझ्याकडं बघून म्हणाल्या, "हे माणूस डॉक्टरला भ्यायचं न्हाई. देवाला थोडंफार भितंय. श्रावण येऊ दे."

आषाढ अमावास्येला, दिव्यांच्या पूजेला, आम्ही दोघींनी मिळून डाव टाकला. कणकेचे दिवे लावले, ताम्हनात मांडले आणि अव्वा अप्पांना म्हणाल्या, "लेकी-सुना नेम धरतेत. तुम्ही काय सोडता ते दिव्यापुढं बोला."

अप्पा बराच वेळ ज्योतींकडं बघत राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, "श्रावणभर भजे सोडले."

मला रडूच आलं. अव्वांनी मला चिमटा काढला, रडू नको, मोडेल म्हणून.

आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अप्पा पुडका घेऊनच आले. एकदम खुशीत.

"अवो, नेम?" अव्वा म्हणाल्या.

"श्रावणाचा नेम हाय माझा. श्रावण कुठं लागलाय? हा धोंड्याचा महिना."

खरंच होतं ते. त्या साली श्रावण अधिक होता. आधी अधिक श्रावण, तो झाल्यावर निज श्रावण. अप्पांनी हे सगळं ध्यानात ठेवून दिव्यापुढं तोंड उघडलं होतं. अव्वा हताश होऊन भिंतीला टेकल्या. अप्पांनी पुडक्याची सुतळी सोडली. तो कागद उलगडण्याचा आवाज ऐकला आणि मला काय झालं कोण जाणे, मी बोलले.

"अप्पा, कॅलेंडरावर तर श्रावणच लिहिलंय."

 अप्पांनी भजं हातात तसंच धरलं. "त्याच्या आधी काय लिहिलंय? वाच."

"अधिक."

"मग?"

"अधिक म्हणजे जास्तीचा. जास्तीचा श्रावणच की तो. श्रावण नसता तर श्रावण कशाला छापला असता?"

"अगं, अधिकात कुणी नेम धरत न्हाई. सगळे नेम निजात."

"मग दिव्यापुढं निज म्हणायचं होतं. तुम्ही नुसतं श्रावण म्हटलं. मी ऐकलंय."

 अप्पा माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या मिशीच्या टोकाला हसू होतं का राग होता, मला आजही सांगता येणार नाही. म्हणाले, "चल, स्वामींनाच विचारू."

आमच्या घराण्याचे गुरू, ज्यांना सगळे स्वामी म्हणत, दोन गल्ल्या पलीकडं राहायचे. जंगम, वयानं अप्पांच्याच बरोबरीचे. कुणाचा नेम पुरा झाला की सोडलेली वस्तू आधी स्वामींना वाढायची, मग आपण तोंडात घालायची, अशी आमच्याकडची रीत. म्हणजे अप्पांचा नेम जितका लवकर सुटेल तितके लवकर स्वामींना भजे मिळणार होते. अप्पांना वाटलं, निकाल आपलाच.

स्वामींनी सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ दाढी कुरवाळली. म्हणाले, "शास्त्र तुझ्या बाजूनं हाय, अप्पा. नेम निजात धरतेत."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं.

"पण तू शास्त्रापुढं कुठं बोललास? दिव्यापुढं बोललास. दिव्याला अधिक-निज काय कळतंय? बोलल्यावर जो श्रावण आला, तो दिव्यानं मोजायला घेतला. आता दोन्ही संपेपर्यंत सुटका न्हाई." मग पोटावरून हात फिरवत म्हणाले, "आन् माझी बी न्हाई."

आम्ही परतलो. दारात आल्यावर अप्पा म्हणाले, "मी एकटाच का म्हणून? तू बी सोड. दोन्ही श्रावण."

"सोडले," मी म्हणाले.

*

हिरवा श्रावण सगळ्यांनीच बघितलेला असतो. माझ्या डोळ्यापुढं येतो तो तपकिरी श्रावण. आघाडा नाही, दूर्वा नाहीत, बेलाची तीन पानं तीन घरांत मिळून वाटून घ्यायची. नळाला आठ दिवसांनी पाणी. कढई राखेनं घासायची, मग फडक्यानं पुसायची, धुवायची चैन नाही. सोमवारी सिद्धेश्वराला जाताना पायाखाली फुफाटा उडायचा. अप्पा आभाळाकडं बघून म्हणायचे, "देवानं बी नेम धरलाय यंदा. पाणी सोडलंय त्यानं."

संध्याकाळ झाली की मला करमायचं नाही. भज्यांची आठवण यायची, खोटं कशाला सांगू? पण त्याहून जास्त कागदाची. अप्पा रिकाम्या हातानं यायचे, हातपाय धुवायचे आणि गप बसायचे. मी चुलीपाशी मिठाच्या पिशवीवरची अक्षरं वाचायची, तीच तीच.

मग धोंड्याचं जेवण आलं. माझी नणंद निलंग्याला दिलेली. अधिकात जावयाला बोलावून पुरणाचे तळलेले धोंडे जेवू घालायचे असतात, आणि आमच्याकडं भज्याशिवाय पान पुरं होत नाही. सकाळपासून मी नि अव्वा चुलीशी. पुरण, पुऱ्या, तेहतीस धोंडे. भज्याचं पीठ अव्वांनी भिजवलं, तेवढ्यात दारात एसटीनं आलेले जावईबापू उभे. त्या बाहेर गेल्या, मी तळायला बसले.

पंगत बसली. अप्पांच्या शेजारी जावई. आम्ही माहेरवाशिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतो. दाजींना अप्पांच्या दुखण्याचं कळवलंच नव्हतं, लेक घाबरेल म्हणून. त्यांनी भजं उचललं आणि अप्पांचं पान बघितलं. त्यात भजे नव्हते.

"मामा, तुमच्या पानात?"

"माझा नेम हाय, जावईबापू."

"कसला नेम? श्रावण लागायला महिना हाय अजून. ते काई न्हाई. तुम्ही घेतल्याबिगर मी हात लावत न्हाई." आणि स्वतःच्या पानातले दोन उचलून अप्पांच्या पानात टाकले.

जावयाचा मान. तोही धोंड्याचा. अव्वांच्या हातातली वाटी तशीच राहिली. मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले, "दाजी, अप्पांचा हाच श्रावण हाय," तर दाजी हसत म्हणाले, "वहिनी, तुमच्या लातूरला जिल्ह्याबरोबर पंचांग बी नवं मिळालं का?" सगळी पंगत हसली. अप्पाही हसले. आणि हसता हसता त्यांनी भजं उचललं. बोटांत फिरवलं. मी डोळे मिटून घेतले.

मग दाजींचा ठसका ऐकू आला.

डोळे उघडले तर दाजींचा चेहरा आवळा चावल्यासारखा. तरी बिचारे गिळत होते. अप्पांनी भजं तोंडापाशी थांबवलं. "काय झालं, जावईबापू?"

"काई न्हाई, मामा. झकास झालेत. थोडं पाणी."

अव्वांनी मीठ घातलं होतं. मला वाटलं नाही घातलं, म्हणून मीही घातलं. चाखायचं कुणी? अव्वांनी चाखलं नाही, कारण नैवेद्य व्हायचा होता. मी चाखलं नाही, कारण माझा नेम होता. सगळे कढईभर भजे समुद्रातून काढल्यासारखे.

अप्पांनी हातातलं भजं हळूच पानाच्या कडेला ठेवलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जावयाच्या पानात मीठ, तेही दुष्काळात, पाण्याचा थेंब मोजून मिळतो तिथं. दाजी मागून तीन तांबे पाणी प्यायले, ते कुठून आलं हे मला माहीत होतं, माझ्या अंघोळीचं होतं.

पाहुणे आडवे झाल्यावर अप्पा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आले. मला वाटलं, आता ऐकावं लागणार.

"पोरी, तू पिठाचं बोट बी चाखलं न्हाईस?"

"नेम हाय की, अप्पा."

अप्पा उंबऱ्यावर बसले. सासरा सुनेपुढं उंबऱ्यावर बसलेला मी तोवर बघितला नव्हता. पागोट्याच्या शेवानं तोंड पुसत म्हणाले, "मी तीनदा बाबूकडं जाऊन आलो. गेल्या सोमवारपासून. तुमच्या कुणाच्या ध्यानात येऊ न्हाई म्हणून लिंबाचा पाला चावून घरी यायचो."

मी रडले, मग पदरानं डोळे पुसले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मग तीन दिवस पुढं वाढवावे लागतेल, अप्पा."

अप्पा इतके हसले की आतून अव्वा ओरडल्या, पाहुणे झोपलेत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अप्पा आले ते काखेत काहीतरी घेऊन. पुडका नव्हता. तेलाचा एक डाग नव्हता. सबंध वर्तमानपत्र, घडीसुद्धा न मोडलेलं. माझ्यापुढं धरलं. "हे घे. यात पुढं फाटलेलं न्हाई."

त्या दिवसापासून रोज पेपर आला. मी मोठ्यानं वाचायची, अप्पा ऐकायचे. टँकर कुठं पोचला, कुठल्या कचेरीचं उद्घाटन, उमरीच्या बाजारात कापसाचा भाव काय, सगळं. बातमी शेवटपर्यंत वाचता येते, हे सुख काय असतं ते ज्याला रोज मिळतं त्याला नाही कळायचं.

*

दोन श्रावण संपले. पोळा झाला, त्यावर तीन दिवस झाले, आणि नेम सुटायचा दिवस नेमका गणपतीचा निघाला. पाऊस मात्र आमच्या नेमाला भुलला नाही, तो त्या साली आलाच नाही म्हटलं तरी चालेल. अप्पांना मात्र डॉक्टरांनी तपासलं, कागद खालीवर बघितले आणि विचारलं, "काय केलंत एवढं?"

अप्पा म्हणाले, "दोन श्रावण केले."

गणपतीच्या दिवशी स्वामी जेवायला आले. पहिलं भजं त्यांच्या पानात. त्यांनी खाल्लं, डोळे मिटले आणि म्हणाले, "लई उशीर केलास, अप्पा." दुसरं भजं अप्पांनी उचललं, आणि सगळ्यांच्या देखत माझ्या हातावर ठेवलं. "आधी हिला. हिचा नेम माझ्याहून खरा." मग स्वतः एकच खाल्लं. पुढं आयुष्यभर सणाला एकच. बाबूच्या हाटेलासमोरून जाताना रामराम करायचे, थांबायचे नाहीत.

अधिक श्रावण परत यायला एकोणीस वर्षं लागतात. एकोणीस वर्षांनी तो आला तेव्हा अप्पा होते. कंबर वाकलेली, डोळ्यांना कमी दिसायचं, पण होते. दिव्यांच्या अमावास्येला मी काही म्हणायच्या आत म्हणाले, "दोन्ही. आन् सूनबाई, ध्यानात ठेव, दिव्यापुढं बोललोय."

त्यानंतरचा अधिक श्रावण मी भोपाळात काढला. इथला आणि तिथला मिळून अडीच महिने झाले. सून म्हणाली, "आई, आता अतीच झालं."

माझा श्रावण सुटतो त्या दिवशी या घरात मी भजे तळते. अगदी आजही पीठ चाखत नाही. मुलगा, सून, नात, तिघंही ताटं घेऊन बसतात आणि माझ्याकडं बघत बसतात, कारण कधी अळणी निघतात, कधी जिभेला चटका बसेल असे खारट. गंमत वाटते त्यांना. लातूरहून दीर मेतकूट पाठवतात, त्याच्या डब्याभोवती तिकडचा पेपर गुंडाळलेला असतो. तो मी जपून ठेवते आणि या दिवशी भजे त्याच्यावर काढते. तेल मुरलं की नात वाचायला लागते, अडखळत, कारण तिची शाळा हिंदी.

परवाच तिनं विचारलं, "आजी, पुढं काय? इथं फाटलंय."

मी म्हटलं, "थांब," आणि आतून दुसरा तुकडा आणून जोडला.